लाल ए आणि आत्या

माझ्या आत्याने आयुष्यातला पहिला फोटो काढला तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती. तो फोटो माझ्या नवऱ्याच्या पाठीचा होता. दुसराही त्याच्याच पाठीचा. तिसऱ्यात तो मागे वळून बघत होता, आणि हे काय चाललंय असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. त्यानंतर दोन-अडीच तासांत आत्याने तीनशेच्या वर फोटो काढले आणि मी मांडवाच्या खांबाला धरून पोट दुखेपर्यंत हसले.

पण कॅमेरा आत्याचा नव्हता, आणि माझाही नव्हता. तो माझ्याकडे कसा आला ते आधी सांगते.

शहापुरात तहसील कचेरीच्या रस्त्याला आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. मी फोटो काढते, नवरा व्हिडिओ. एरवी पासपोर्ट साइझची कामं, म्हणजे दाखल्याला, परीक्षेच्या फॉर्मला, नोकरीच्या अर्जाला. लग्नसराईत मात्र मुरबाड, धसई, कसारा, जिथून बोलावणं येईल तिकडे. बारा वर्षं हेच केल्यावर फोटो काढताना मला काही वाटेनासं झालं होतं. आमचा मोठा कॅमेरा सगळं स्वतःच करतो. समोरच्या माणसाचा डोळा शोधतो, त्याच्यावर हिरवा चौकोन बसवतो, उजेड मोजतो. मी फक्त म्हणायचं, ‘मान जरा वर, हसा.’ हे म्हणताना मी स्वतः कधीच हसत नाही, असं नवऱ्याने मला एकदा सांगितलं होतं. मला ते लागलं होतं, पण खरं होतं.

एप्रिलात एक गृहस्थ व्हिसाचा फोटो काढायला आले. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे बाजारात सगळे त्यांना मोजणीवाले काका म्हणतात. त्यांच्या गळ्यात एक काळा, चपटा, जड कॅमेरा होता.

“हा रिळाचा का, काका?” मी विचारलं.

“नाही ताई, डिजिटलच आहे. वागतो मात्र रिळासारखा. बघा यातून.”

त्यांनी गळ्यातला पट्टा काढून कॅमेरा माझ्या हातात दिला. एका कोपऱ्यात बारीकशी खिडकी होती, तिला मी डोळा लावला. मधोमध एक फिकट चौकोन होता, आणि त्या चौकोनात समोरच्या रसवंतीवाल्याला दोन डोकी होती, एकमेकांपासून बोटभर लांब.

“लेन्सवरचं कडं हळूहळू फिरवा,” काका म्हणाले. “दोन डोकी एकावर एक आली की फोकस झाला. हा रेंजफाइंडर. माणूस किती लांब उभा आहे ते यात आपणच मोजायचं, कॅमेरा सांगणार नाही.”

मी कडं फिरवलं. रसवंतीवाल्याची दोन डोकी सरकत सरकत जवळ आली आणि एक झाली. त्या क्षणी मला कसं वाटलं सांगू? झोपाळा वर जाऊन थांबतो ना, तसं. बारा वर्षांत फोकस झाला म्हणून मला आनंद झाला नव्हता.

काका लेकीकडे परदेशी चालले होते, तिच्या बाळंतपणाला. पावसाळा संपेपर्यंत येणार नव्हते. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्स कपाटात पडून राहिली की तिला बुरशी धरते, म्हणून कॅमेरा वापरता ठेवणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. व्हिसाचे फोटो घ्यायला दुसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांनी तो सरळ माझ्या टेबलावर ठेवला.

“एकच विनंती ताई. वरच्या चकतीवर आकडे आहेत ना, ते शटरचे स्पीड. आकड्यांच्या शेवटी हा लाल ए आहे. तिथे ठेवायचा नाही. ए वर ठेवला की स्पीड कॅमेरा ठरवतो आणि आपण नुसते बटण दाबणारे उरतो. मी उभ्या आयुष्यात एक वीत जमीन अंदाजाने लिहिली नाही. उजेडाचंही तसंच. आपला आपण मोजायचा.”

मी हो म्हटलं आणि नऊ दिवस इमानदारीत पाळलं. त्या नऊ दिवसांत नवऱ्याचे फोटो करपलेल्या पापडासारखे आले, आणि बाजारातली केळीवाली मावशी इतकी पांढरी आली की तिच्या केळ्यांचा फक्त आकार उरला. चकतीवर आकडा लावेपर्यंत ऊन ढगात जायचं, आणि नवा आकडा लावेपर्यंत माणूस निघून जायचा.

दहाव्या दिवशी मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि कोणी बघत नाही ना याची खात्री करून चकती लाल ए वर नेली. चोरून चिंच खाल्ल्यासारखं वाटलं. मग थेट बाजारात गेले.

पहिली केळीवालीच. तिची दोन तोंडं एक केली, बटण दाबलं. टिक. मग काहीच नाही. मी थांबले, ती थांबली. बऱ्याच वेळाने आतून टक असा आवाज आला. मला वाटलं, आता ठरवायचं काम कॅमेऱ्याकडे आहे, तर त्याला विचार करायला वेळ लागत असेल. पुढे चहावाला, बांगडीवाली, चपला शिवणारे आजोबा, सगळ्यांना मी सांगत गेले, “हलू नका, हा जरा सावकाश काढतो.” सगळे बिचारे श्वास रोखून उभे राहिले.

“फोटो हाय का एक्स-रे?” चहावाल्याने ओठ न हलवता विचारलं.

अकरा माणसं झाल्यावर मी परत केळीवालीपाशी आले. तिने मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, “बाय, त्याच्या डोळ्यावरची टोपी काढत नाय का?”

लेन्सवर टोपण तसंच होतं! मोठ्या कॅमेऱ्यात असं होणं शक्य नाही, कारण त्यात आपण लेन्समधूनच बघतो, टोपण असलं तर काळोख दिसतो. या कॅमेऱ्याची खिडकी लेन्सच्या शेजारून बघते. मला सगळं लख्ख दिसत होतं, आणि तो आंधळा बिचारा त्या काळोखात थोडा तरी उजेड मिळेल म्हणून दरवेळी कितीतरी वेळ शटर उघडं धरून बसत होता. मी टोपण हातात घेऊन भर बाजारात हसत सुटले. केळीवाली हसली, बांगडीवालीला कळल्यावर तीही हसली, आणि मी टोपण खिशात टाकून त्या हसण्यातच पुन्हा पहिल्यापासून अकरा फोटो काढले. टिकटक, टिकटक. एकही पांढरा नाही, एकही करपलेला नाही. एकालाही मी ‘हसा’ म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला वेड लागलं असं नवरा म्हणतो. कॅमेरा उशाशी असे. ए वर काम कसं चालतं ते मला पुरतं कळलं होतं. किती उजेड आत घ्यायचा ते लेन्सवरचं एक कडं फिरवून मी सांगायचं, तो किती वेळ घ्यायचा ते कॅमेऱ्याने ठरवायचं. खिडकीच्या तळाशी बारीक लाल आकडा उमटतो, म्हणजे त्याने ठरवलेला स्पीड. मी उन्हातून सावलीत गेले की आकडा उतरायचा, सावलीतून उन्हात आले की चढायचा. कोणीतरी माझ्यासोबत चालतंय आणि आपल्या वाटणीचं काम बिनबोभाट करतंय, असं वाटायचं. माझ्या वाटणीला फक्त माणूस उरला होता. काकांना दिलेला शब्द मोडल्याची टोचणी होती, नाही असं नाही. पण ती संध्याकाळपुरती. सकाळी पुन्हा टिकटक.

मे महिन्यात धसईला माझ्या धाकट्या चुलत बहिणीचं लग्न होतं. माझं माहेर तिथलंच. घरातल्या प्रत्येक लग्नात आजवर मी फोटोग्राफर होते, पाहुणी कधीच नव्हते. या वेळी नवऱ्याला म्हटलं, “अहो, मोठा कॅमेरा तुम्ही घ्या. व्हिडिओ तुमच्या मित्राला द्या. मी नवरीची बहीण म्हणून जाणार.” तो म्हणाला, “आणि तो काळा डबा?” मी म्हटलं, “तोही नवरीची बहीण म्हणूनच येणार.”

आमच्याकडे बौद्ध पद्धतीचं लग्न, म्हणजे नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत, आणि बायका बहुतेक सगळ्या पांढऱ्या साड्यांत. मांडवाचं कापडही पांढरं. अकराच्या उन्हात सगळं नुसतं झळाळत होतं. मी धडाधड वीस-पंचवीस फोटो काढले आणि मागच्या स्क्रीनवर मावश्यांना दाखवले.

मोठ्या मावशीने डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. “ह्या साड्या मळल्यात कशा?”

“कुठे मळल्यात?”

“ह्या बघ की. माझी काल घडी मोडली गो, तू तर तिचं पोतेरं केलंस. नवरी पण मळकी.”

बघते तर खरंच. सगळं वऱ्हाड राखेत लोळून आल्यासारखं. लाल ए चा हा स्वभाव मला ठाऊक नव्हता. त्याच्यापुढे फार पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे कमी करतो. एवढी माणसं एकाच दिवशी पांढरी नेसून आनंदात उभी राहतील, हे त्याच्या हिशेबात नसतं. त्याला ‘तुला वाटतं त्यापेक्षा थोडं जास्त घे’ असं समजावायची सोय मात्र कॅमेऱ्यात असते. मी ती शोधली, एका टप्प्याने वाढवलं आणि मावशीचा पुन्हा फोटो काढला.

“हां,” मावशी म्हणाली. “आता धुतली.”

याच वेळी नवरीच्या साडीच्या निऱ्या सुटल्या आणि मला हाका आल्या. कॅमेरा कुणाच्या तरी हातात द्यायला हवा होता. मांडवाच्या कडेला खुर्चीवर माझी थोरली आत्या फुलांच्या टोपल्या राखत बसली होती. मी कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला आणि पळाले.

ही आत्या सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात राहते. लहानपणी भाताची कापणी करताना ओंबीचं टोकदार कूस तिच्या डाव्या डोळ्यात गेलं आणि तो डोळा कायमचा गेला. तिला त्याचं रडगाणं नाही. शेतात, चुलीपाशी, पंचायतीत ती कुणाला ऐकत नाही. फक्त फोटो निघायला लागले की ती तिथून उठते. “भात बघते,” म्हणते. माझ्या लग्नातसुद्धा ती भात बघायला गेली. मी घरातली फोटोग्राफर, हजारो माणसांचे फोटो काढलेले, आणि माझ्याकडे माझ्या आत्याचा एकही फोटो नव्हता. एकदा आग्रह केला तर म्हणाली, “एका डोळ्याचा फोटो कशाला गो?” त्यानंतर मी विचारलं नाही.

निऱ्या नीट करून परत आले तर आत्याने कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला होता.

“याच्यात तुझा नवरा दोन हायेत,” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी वाकले. “मधल्या चौकोनात ना? ते पुढचं कडं फिरव. फिरव, मोडत नाही.”

तिचे हात कणसं खुडणारे, नखाने नेमकं पकडणारे. कडं अगदी सावकाश फिरलं.

“जवळ आला... जवळ आला... झाला! एक झाला!” ती ओरडली. मग उलटं फिरवून म्हणाली, “परत दोन.” पुन्हा, “एक.” पुन्हा, “दोन.” तिला इतकं हसू यायला लागलं की खांदे हलायला लागले. “अगो, किती नवरे पायजेत तुला, बोल.”

“एकच पुरे. वरचं बटण दाब.”

तिने दाबलं. ती पाठ. पुन्हा दाबलं. तीच पाठ. तिसऱ्यांदा माझ्या नवऱ्याने वळून बघितलं. मी आत्याला स्क्रीन दाखवला. तिने एका डोळ्याने बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, “हे मी काढलं?”

“तूच.”

“बाकीचं काय करायला लागतं?”

“काही नाही. दोनाचं एक करायचं आणि दाबायचं. बाकीचं तो बघतो.”

आत्या खुर्चीवरून उठली. फुलांच्या टोपल्यांना राखण कुणाची राहिली नाही. मग मी जे बघितलं ते मला अजून आठवलं तरी हसू फुटतं. ती सरळ वरमायांच्या रांगेपुढे जाऊन उभी राहिली. माझ्या नवऱ्याला, त्याच्या मित्राला, मलासुद्धा फोटो काढताना एक डोळा मिटावा लागतो आणि तोंड वाकडं होतं. आत्याला मिटावं लागत नव्हतं. ती ताठ उभी, चेहरा शांत, जणू जन्मभर हेच करत आली. “मला एकच हाय, याला पण एकच लागतो,” ती वरमाईला सांगत होती. “आमचं जमलं.”

दुसरी गंमत तिने स्वतःच शोधून काढली. त्या खिडकीत फोटोची चौकट पांढऱ्या रेघांनी दिसते, पण रेघांच्या बाहेरचंही दिसत राहतं. “रेघेच्या बाहेर कोण येतंय ते आधीच कळतं,” ती मला म्हणाली. “बांधावर उभं राहून गुरं बघितल्यासारखं. आत शिरला रे शिरला की दाबायचं.” हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला कळलंही नव्हतं. मी महिनाभर फक्त रेघांच्या आतच बघत होते.

माणसं तिच्याकडे कशी बघत होती ते सांगायला हवं. माझ्यासमोर माणसं पोटं आत घेतात, गंभीर होतात. आत्यासमोर सगळी विरघळली. “आत्या, माझा!” “काकी, आमचा काढ!” ज्या काकांना मी कधी दात दाखवताना बघितलं नव्हतं ते तोंड उघडून हसत होते. नवरा मुलगा, म्हणजे होणारे आमचे जावई, त्यांना तर तिने हुकूमच सोडला, “ए, इकडं बघ. असं नाय. माणसासारखं बघ.”

त्रिशरण-पंचशील झालं, मंगल गाथा झाली, आणि वधूवरांवर फुलं टाकायची वेळ आली. माझा नवरा पुढच्या रांगेत मोठा कॅमेरा घेऊन सज्ज. आत्या त्याच्या कोपराखाली. सगळ्यांनी एकदम फुलं उधळली. मला नवऱ्याच्या मोठ्या कॅमेऱ्याची तडफड ऐकू आली, लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे. समोर इतकी फुलं उडत होती की कोणाला पकडावं ते त्याला कळेना. तो एकदा या झेंडूला पकडायचा, एकदा त्या पाकळीला. नवरा कळवळून म्हणाला, “अरे, धर ना!”

आत्याने नवरीची दोन तोंडं आधीच एक करून ठेवली होती. तिचा कॅमेरा फुलांच्या मागे धावला नाही, कारण त्याला धावताच येत नाही. टिकटक.

तो फोटो आज आमच्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत आहे. पाकळ्या हवेत थांबलेल्या. नवरी डोळे मिटून खुदकन हसतेय, जावयांच्या उघड्या तोंडाजवळ एक झेंडू आलाय आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. उजव्या कडेने माझी आई नेमकी आत शिरतेय, दोन्ही हात वर.

वरात दुपारीच निघाली, कारण नवरदेवाकडच्यांना शहापूरकडे परतायचं होतं. बँजोवाले वाजवायला लागले आणि आत्या कॅमेऱ्यासकट नाचायला लागली. उन्हात होती तोवर फोटो लख्ख आले. चिंचेच्या झाडाखाली सावलीत शिरली तसा ए ने आपल्या रीतीप्रमाणे स्पीड उतरवला. आत्या नाचतेय हे त्याला कोण सांगणार? त्या झाडाखालचे चाळीसएक फोटो म्हणजे नुसते पांढरे पदर, वाहणारे रंग आणि मध्येच एखादा स्पष्ट दात. नवरीला तेच सगळ्यांत आवडले. सासरी गेल्यावर तिने फोन करून सांगितलं, “ताई, अल्बमात झाडाखालचे सगळे घाल. मला तेव्हा असंच दिसत होतं.”

स्टुडिओत आम्ही दोघं कॉम्प्युटरवर ते फोटो बघत बसलो. नवरा एकेक फोटो मोठा करून बघत होता. मग म्हणाला, “अल्बमाच्या पहिल्या पानावर आत्याचा फुलांचा घेऊ. माझा नको.” आणि थोड्या वेळाने, “माझ्या पाठीचा मात्र वगळ.” मी वगळला नाही.

पावसाळा सरला आणि मोजणीवाले काका आले. चेहऱ्यावर आजोबा झाल्याचं तेज होतं. मी कॅमेरा पुसून त्यांच्या हातात दिला. काचेतल्या फोटोसमोर ते आत येतानाच थबकले होते.

“हा आपल्या कॅमेऱ्यावरचा ना? फुलं कशी गोठवलीत! स्पीड काय ठेवला होता ताई?”

“माहीत नाही, काका.”

“माहीत नाही म्हणजे?”

“ए वर होता. आणि मी नाही काढला, माझ्या आत्याने काढला. तिने आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा धरला होता.” आणि एकदा सुरुवात झाल्यावर मी टोपणापासून मळक्या साड्यांपर्यंत सगळं कबूल केलं.

काका स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते म्हणाले, “नात झाली तेव्हा मी तिथे होतो. नर्सने तिला बाहेर आणलं. माझ्याकडे मोबाईल होता फक्त. मी काही मोजलं नाही, काही ठरवलं नाही. नुसतं बटण दाबलं.” त्यांनी मोबाईल उघडून फोटो दाखवला. लाल, सुरकुतलेली, रागावलेली नात. “तरी आली की चांगली!” म्हणाले, आणि आम्ही दोघं इतक्या जोरात हसलो की फोटोला बसलेलं गिऱ्हाईक दचकलं.

मग ते म्हणाले, “तुमच्या आत्याबाईंना भेटायचंय.”

पुढच्या रविवारी आम्ही तिघं, मी, नवरा आणि काका, सिद्धगडाच्या पायथ्याला गेलो. भात पिवळं झालं होतं, आणि डोंगर सकाळी धुऊन वाळत घातल्यासारखा दिसत होता. आत्याने काकांना चहा दिला आणि त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे माहेरी आलेल्या लेकीकडे बघावं तशी बघू लागली.

काकांनी विचारलं, “तुमचा एक फोटो काढू का?”

मी नवऱ्याकडे बघितलं. आत्या आता उठणार, भात बघते म्हणणार. आत्या उठली. ओसरीच्या पायरीवर गेली, पदर डोक्यावरून मागे सारला आणि तिथेच बसली.

“काढा,” म्हणाली. “लोकांचे एवढे काढले, माझा काय सोन्याचा हाय?”

काकांनी आभाळाकडे बघितलं. आत्याच्या चेहऱ्यावरचा उजेड बघितला, चकती फिरवली, पुन्हा आभाळ बघितलं, एक पाऊल मागे गेले, एक पुढे आले.

“फोटो काढताय का वावर मोजताय?” आत्या म्हणाली.

काकांना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी बटण दाबलं, आणि आत्याही त्यांच्या हसण्याला हसत होती. फोटो किंचित हललाय. दोन्ही डोळे आहेत त्यात, बघणारा आणि न बघणारा, आणि हसताना दोन्हीभोवती सारख्याच सुरकुत्या पडल्या आहेत. आत्याने स्क्रीनवर स्वतःला बघितलं. बोट लावून एकेक गोष्ट तपासली, नाक, कपाळ, डोळे. “आईसारखी दिसते गो मी,” ती म्हणाली. “कोणी बोललं नाय कधी.” तिची आई, म्हणजे माझी आजी, मी बघितलेली नाही. तिचा फोटोच नाही. मी आत्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि काही वेळ तिघींचा मिळून एकच चेहरा बघत राहिले.

दुपारी आत्या म्हणाली, बाजारला येते. काकांनी कॅमेरा तिच्या गळ्यात घातला आणि आम्ही धसईला उतरलो. नवरा गाडी घेऊन पुढे मुरबाडला कामाला गेला, आम्ही मागून एसटीने येणार होतो, आत्याही दोन दिवस आमच्याकडे राहायला. बाजारात भाजीवाल्या बायकांना तिच्या गळ्यात कॅमेरा बघून काय झालं कोण जाणे, सगळ्या तिच्याभोवती गोळा. एक काकडीवाली म्हणाली, “माझ्या म्हाताऱ्याचा काढ. तो जागेवर बसतच नाय.” म्हातारा पोत्यामागून पळ काढायच्या बेतात होता. आत्याने त्याला दरडावून बसवलं, हातात धरायला एक दुधी दिला. तो दुधी तान्ह्या पोरासारखा कवटाळून बसला आणि इतका लाजला की सगळा बाजार हसायला लागला. आत्याने एक काढला, मग दुसरा, मग तिसरा. “बस, बस अजून,” ती म्हणत होती, आणि काकडीवाली माझ्या कानात म्हणाली, “बसू दे त्याला. असा बसलेला मी चाळीस वर्षांत पायला नाय.”

तेवढ्यात मुरबाडची एसटी सुटायला लागली. काका ओरडले, मी पिशव्या उचलल्या आणि आम्ही धावलो. आत्या सगळ्यांच्या पुढे, नेसूचा काष्टा वर खोचलेला, एक हात छातीवरच्या कॅमेऱ्यावर. कंडक्टरने दार धरून ठेवलं. खिडकीची जागा तिने पटकावली, आणि मुरबाड येईपर्यंत आम्ही तिघं धापा टाकत, एकमेकांकडे बघून हसत होतो.